जुन्या डिझेल गाडीचा पॉवर ब्रेक : दोषाचे निदान कसे करावे?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील वाहनचालक, गाडीमालक आणि गॅरेजमधील कारागीर यांच्या मेळाव्यात मोटार मेकॅनिक व्यवसायाच्या एका निवृत्त शिल्पनिदेशकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज सकाळी शिरूरहून निघून न्हावरे, पारगाव या मार्गाने, भीमेचा पूल ओलांडून मी येथे आलो. उसाचा हंगाम चालू आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, रांजणगावहून सिद्धटेककडे निघालेली अष्टविनायकाची यात्रेकरू मंडळी, रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांच्या कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या आणि या सर्वांमधून वाट काढणारी आपली वडापची जीप, असे या रस्त्याचे आजचे रूप आहे. या गर्दीत वेग वाढविण्याचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. गाडी हव्या त्या जागी थांबणे, हेच येथे महत्त्वाचे.

या रस्त्यांवर धावणाऱ्या डिझेल गाड्यांपैकी अनेक गाड्या आता वयाने मोठ्या झाल्या आहेत. टाटा सुमो १९९४ मध्ये आणि इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली. या दोन्ही गाड्या आपल्याच पुणे जिल्ह्यात तयार होत असत. त्यांचे उत्पादन आता थांबले असले, तरी गावोगावी त्या अजून दिसतात, दूध वाहतात, लग्नाचे वऱ्हाड नेतात, रुग्णाला दवाखान्यात पोचवितात. जुनी गाडी वापरण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तिच्या ब्रेकमध्ये काही बिघाड झाला, तर तो नेमका कोठे आहे हे ओळखण्याची विद्या मालकाला आणि कारागिराला अवगत असली पाहिजे. आपल्याकडे बहुधा उलट घडते. ब्रेक कठीण झाला की आधी लायनर बदलतात, मग मास्टर सिलिंडर, मग बूस्टर. पैसा जातो आणि दोष तेथेच राहतो. म्हणून आज मी भाग बदलण्याविषयी कमी आणि दोष शोधण्याविषयी अधिक बोलणार आहे.

हवेचे ओझे आणि विहिरीवरचा पंप

पॉवर ब्रेक म्हणजे काय, हे समजावून घेण्यासाठी आपण विहिरीवर जाऊ. काठावर बसविलेला पंप फार खोलवरचे पाणी ओढू शकत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाणी सात-आठ मीटरांच्या खाली गेले की पंप खाली उतरवावा लागतो. याचे कारण असे की, पंप पाणी ओढत नसतो. तो नळीतील हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचे ओझे विहिरीतील पाण्यावर पडून ते पाण्याला नळीत वर ढकलते. या ओझ्याचे बळ समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असते.

हेच ओझे मोटारीत आपल्या पायाच्या मदतीला येते. ब्रेकचे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा जो मोठा गोल डबा दिसतो, तो बूस्टर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि त्या पडद्यामुळे डब्याचे दोन कप्पे पडतात. पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांतील हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबताच आतील झडप उघडते व मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढचा कप्पा मात्र निर्वातच राहतो. साहजिकच हवेचे ओझे पडद्याला पुढे ढकलते आणि आपल्या पायाच्या जोरात आपला जोर मिळविते. समजा, पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर भरते. निर्वात चांगला असेल, तर तीनशे किलोंहून अधिक जोर या पडद्याकडून मिळू शकतो. एवढे बळ फुकट मिळते, ते केवळ हवा काढून घेतल्यामुळे. बेल्जियन अभियंता आल्बेर दवाँद्र यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही युक्ती मोटारींसाठी वापरात आणली. आजही कोट्यवधी गाड्यांचे ब्रेक तिच्यावरच चालतात.

आता प्रश्न असा की, ही हवा काढतो कोण? पेट्रोल गाडीत हे काम इंजिन जाता जाता करते. तिच्या हवेच्या वाटेत थ्रॉटलची झडप असते. ती झाकली गेली की इंजिनाच्या ओढीमुळे आतील नळीत आपोआप निर्वात निर्माण होतो. डिझेल इंजिनाची रीत वेगळी. त्यात हवा मोकळेपणाने आत येते आणि वेग डिझेलच्या मात्रेवरून ठरतो. म्हणून तेथे पुरेसा निर्वात तयार होत नाही आणि त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. आपल्याकडील पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. फॅनबेल्टने अल्टरनेटर फिरतो आणि त्याच दांड्यावर पंपही फिरतो. काही गाड्यांत तो कॅमशाफ्टवर चालतो. आपल्या गाडीत पंप कोठे आहे, हे प्रत्येक चालकाने बॉनेट उघडून एकदा पाहून ठेवावे. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

दौंडच्या रेल्वे-मंडळींना एक प्रश्न

येथे दौंड जंक्शनवर नोकरी केलेली काही वडीलधारी मंडळी बसली आहेत. त्यांनी आयुष्यभर निर्वात ब्रेकच्या गाड्या पाहिल्या. भारतीय रेल्वेवर दीर्घकाळ हाच ब्रेक होता, पुढे त्याची जागा दाबयुक्त हवेच्या ब्रेकने घेतली. त्या जुन्या आगगाडीत साखळी ओढली की नळीत हवा शिरे, निर्वात मोडे आणि गाडी थांबे. म्हणजे निर्वात गेला की ब्रेक लागे. आपल्या मोटारीत नेमके उलट आहे. येथे निर्वात गेला की मदत जाते. ब्रेक नाहीसा होत नाही, पण एरवी पायाच्या अंगठ्याने लागणारा ब्रेक लावायला सर्वांगाचे बळ खर्च करावे लागते. चालक बोलीत म्हणतो, 'ब्रेक दगड झाला.' हे वर्णन अचूक आहे, आणि कारागिराने ते लक्षपूर्वक ऐकले पाहिजे.

आधी तक्रार नीट ऐका

'ब्रेक लागत नाही' एवढे एकच वाक्य घेऊन गाडी गॅरेजमध्ये येते. परंतु त्या एका वाक्याच्या पोटात चार वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात, आणि त्यांची कारणेही वेगळी असतात.

पेडल दगडासारखे कठीण लागत असेल, तर प्रथम निर्वाताच्या मदतीचा संशय घ्यावा. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा शिरली आहे असे समजावे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर थकले असतील किंवा कोठेतरी ऑइल गळत असेल. पेडल ठीक लागते पण गाडी एका बाजूला ओढते, अशी तक्रार असेल, तर दोष त्या त्या चाकाशी शोधावा. बूस्टर दोन्ही बाजूंना सारखीच मदत करतो, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढली जाण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

याशिवाय आणखी तीन प्रश्न विचारावेत. ब्रेक नेहमी कठीण असतो की कधी कधी? सकाळी, की रात्री दिवे लावल्यावर? आणि त्याच वेळी गाडीत दुसरे काही वेगळे घडते का? या तिसऱ्या प्रश्नाची किंमत मला फार महागात कळली. ती हकिगत पुढे सांगतो.

पैसा न लागणाऱ्या तीन चाचण्या

कोणताही भाग खोलण्यापूर्वी पुढील तीन चाचण्या कराव्यात. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रल ठेवून त्या करावयाच्या आहेत.

पहिली चाचणी. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात संपतो आणि पेडल कठीण होते. आता पेडल दाबून धरावे आणि इंजिन चालू करावे. व्यवस्था चांगली असेल, तर पायाखालचे पेडल काही क्षणांत थोडेसे खाली जाते. ते जागचे हललेच नाही, तर मदत मिळत नाही असे समजावे. मग दोष पंपात, नळीत, झडपेत किंवा बूस्टरमध्ये आहे. चाकांकडे जाण्याचे तूर्त कारण नाही.

दुसरी चाचणी. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि थोड्या थोड्या वेळाने पेडल तीनदा दाबावे. पहिल्या वेळी ते बरेच खाली गेले पाहिजे, दुसऱ्या वेळी त्याहून कमी आणि तिसऱ्या वेळी आणखी कमी. असे झाले, तर निर्वात साठून राहतो हे सिद्ध झाले. पहिल्याच वेळी पेडल कठीण लागले, तर हवा कोठून तरी आत शिरते आहे.

तिसरी चाचणी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे आणि पाय न हलविता इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पेडलची उंची बदलता कामा नये. ते पायाला वर ढकलू लागले, तर बूस्टरचा पडदा, त्याची झडप किंवा नळीतील एकमार्गी झडप गळते आहे.

या तिन्ही चाचण्यांना पाच मिनिटे पुरतात. चालकाने महिन्यातून एकदा त्या केल्या, तर ब्रेकचा दोष रस्त्यावर कळण्याऐवजी अंगणात कळेल.

दोषाचा माग : पंपापासून पेडलपर्यंत

मदत मिळत नाही हे ठरले, की उगमापासून सुरुवात करावी. विहिरीवरून पाइपलाइन टाकलेली असते आणि शेताच्या टोकाला पाणी येत नाही, तेव्हा आपण प्रथम मोटार फिरते का ते पाहतो, मग फुटव्हॉल्व्ह, मग पाइप. शेवटी सारे तपासून झाल्यावर टोकाकडे जातो. येथेही क्रम तोच.

पहिला मान फॅनबेल्टचा. पंप अल्टरनेटरवर असेल, तर पट्टा सैल पडला की अल्टरनेटर आणि पंप दोघेही मंदावतात. पट्टा तुटला की दोघेही थांबतात. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा आणि कठीण ब्रेक या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्यांचे कारण बहुधा एकच असते. पट्ट्यावर तेल आहे का, तो चकाकतो का, त्याला भेगा गेल्या आहेत का, हे इंजिन बंद करून पाहावे.

दुसरा मान पंपाचा. यात लहान पाती फिरतात आणि त्यांना इंजिनाच्या तेलाचे वंगण मिळते. एका बारीक नळीने तेल आत येते आणि दुसऱ्या नळीने ते परत इंजिनात जाते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले नाही, तर ही पाती झिजतात व अडकतात. परतीची नळी चिकट गाळाने चोंदली, तर तेल तुंबते आणि सील फोडून अल्टरनेटरमध्ये उतरते. अल्टरनेटर वारंवार जळत असेल आणि आतून तेलाने भिजलेला निघत असेल, तर वायंडिंग भरून तो पुन्हा बसविण्याआधी पंपाचे सील आणि परतीची नळी तपासावी.

पंपाची खरी परीक्षा व्हॅक्यूम गेजने होते. हे साधन फार महाग नाही, चार गॅरेजांनी मिळून घेतले तरी चालेल. गेज पंपाच्या तोंडाशी जोडून निर्वात पाहावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुस्तकांतील आकडे समुद्रसपाटीचे असतात, तेथे हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ पेलतो. आपला हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येथे तो स्तंभ ७१ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे येथे कितीही उत्तम पंप असला, तरी गेज ७१ च्या पुढे जाणार नाही. साठीच्या घरातील निर्वात हे येथे चांगल्या पंपाचे लक्षण मानता येईल. नेमका आकडा मात्र त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तकातून घ्यावा. काटा किती वर जातो, याइतकेच तो किती लवकर वर जातो, हेही महत्त्वाचे. ब्रेक वारंवार दाबावा लागणाऱ्या बाजाररस्त्यावर मंद पंप अपुरा पडतो.

तिसरा मान नळी आणि एकमार्गी झडप यांचा. पंपाशी निर्वात चांगला आणि बूस्टरशी कमी, असे गेज दाखवीत असेल, तर दोष मधल्या वाटेत आहे. ही नळी जाड व आतून बळकट केलेल्या रबराची असते. अनेक ठिकाणी ती तुटल्यावर रेडिएटरच्या किंवा डिझेलच्या नळीचा तुकडा बसविलेला आढळतो. इंजिन थंड असताना तो काम करतो. गरम झाला की मऊ पडतो आणि आतल्या ओढीने चपटा होतो. गॅरेजमध्ये ब्रेक ठीक आणि दहा मैलांनंतर कठीण, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. इंजिन गरम असताना नळी बोटांनी चाचपून पाहावी.

एकमार्गी झडप म्हणजे या व्यवस्थेचा फुटव्हॉल्व्ह. हवा बूस्टरकडून पंपाकडे जावी, उलट येऊ नये, एवढेच तिचे काम. ती काढून तोंडाने फुंकून पाहावी. एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने मुळीच जाता कामा नये. तिच्यावर बाण असतो, तो पंपाकडे करून ती बसवावी. उलटी बसविलेली झडप मी स्वतः पाहिली आहे.

सर्वांत शेवटी बूस्टर. पेडल दाबून धरल्यावर पायाजवळून सतत फुसफुस ऐकू येत असेल, तर पडदा फाटला आहे किंवा झडप गळते आहे. पेडल दाबताना क्षणभर आवाज होणे मात्र स्वाभाविक आहे, ती आत जाणारी हवा होय. पेट्रोल गाडीत अशी गळती झाली की इंजिनाची मंद चाल बिघडते आणि मालक आपोआप गॅरेज गाठतो. डिझेल गाडी अशी पूर्वसूचना सहसा देत नाही, इंजिन सुरळीत चालत राहते. म्हणून डिझेल गाडीच्या चालकाने कानांवर अधिक भिस्त ठेवावी.

बूस्टरच्या मागच्या अंगाला, दांड्याभोवती, हवेचा एक लहान गाळणा असतो. आपल्याकडील मातीच्या रस्त्यांची धूळ त्यात साठते आणि मदत उशिरा मिळू लागते. तो साफ करण्याची आठवण फारच थोड्यांना राहते. तसेच ब्रेक ऑइल कमी होत आहे आणि बाहेर कोठेही ओल दिसत नाही, असे असेल, तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळून ऑइल बूस्टरमध्ये जमा होत असावे. मास्टर सिलिंडर सैल करून मागे पाहिले की खात्री पटते.

एवढे सर्व निर्दोष निघाले आणि तरीही ब्रेक कठीण असेल, तरच चाकांकडे वळावे. काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, अडकलेला पिस्टन, आतून सुजलेला रबरी पाइप ही तेथील कारणे. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

माझ्या घरातील धडा

आता ती हकिगत. आमच्या घरी एक सात आसनी जुनी डिझेल गाडी होती. तिचा ब्रेक हिवाळ्यात सकाळी कठीण लागे आणि थोड्या वेळाने सुधारे. कधी रात्री पुन्हा कठीण होई. माझा भाचा ती चालवी. मी तेव्हा नोकरीत होतो आणि गाडी पाहायला मला सवड नव्हती. त्याने ती एका गॅरेजमध्ये दाखविली. तीन महिन्यांत लायनर बदलले, मास्टर सिलिंडर बदलला, भंगारातून आणलेला एक बूस्टरही बसवून झाला. तक्रार कायम राहिली.

पौषातल्या एका संध्याकाळी शिरूरचा बाजार आटोपून आम्ही परत निघालो. गाडीत माझी बहीण आणि दोन लहान मुले होती. न्हावरे मागे पडल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागला. मी म्हटले, गाडी थांबव. भाचा म्हणाला, "मामा, डिझेलच्या गाडीला बॅटरी लागतीय कुठं? घरी पोचू की." इंजिनापुरते त्याचे म्हणणे खरे होते, आणि मीही गप्प बसलो. पुढे एका उतारावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. भाच्याने ब्रेक दाबला, वेग कमी झाला. त्याने पाय उचलून पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी पेडल दगड झाले. त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिला. गाडी ट्रॉलीपासून चार हातांवर थांबली. कोणी काही बोलले नाही. मुले झोपेतून जागी झाली, एवढेच.

बॉनेट उघडले तेव्हा फॅनबेल्ट तुटून खाली लोंबत होता, आणि तो तेलाने चिंब होता. पंपाला तेल देणाऱ्या नळीच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर खराब झाला होता. तेथून ठिबकणारे तेल पट्ट्यावर पडत होते आणि पट्टा घसरत होता. सकाळी स्टार्टर मारल्यानंतर बॅटरी भरण्याचा भार अल्टरनेटरवर पडे, रात्री दिव्यांचा भार पडे. दोन्ही वेळा पट्टा अधिक घसरे, पंप मंदावे आणि ब्रेक कठीण होई. दुपारी भार कमी, म्हणून ब्रेक ठीक. सारे कोडे उलगडले. मी भाच्याला विचारले, "सकाळी गाडी चालू केल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येत होता का?" तो म्हणाला, "रोजच येत होता की. पण तुम्ही ब्रेकचं विचारलं होतं."

तीस वर्षे मी मुलांना हा विषय शिकविला आणि घरच्या गाडीविषयी तो एक प्रश्न विचारला नाही. एका लहानशा वॉशरपायी तीन मोठे भाग बदलले गेले, आणि त्याहून मोठी किंमत आम्ही थोडक्यात चुकविली. म्हणून मघाशी सांगितलेला तिसरा प्रश्न विसरू नका : त्याच वेळी गाडीत दुसरे काही वेगळे घडते का?

रस्त्यात ब्रेक बिघडला तर

ब्रेक कठीण झाला आणि ब्रेक मऊ झाला, या दोन प्रसंगी चालकाने करावयाच्या गोष्टी परस्परांविरुद्ध आहेत. पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर ते भराभर दाबावे. त्यामुळे काही दाब तयार होण्याचा संभव असतो. पेडल कठीण होत असेल, तर ते पुनःपुन्हा दाबू नये. दर वेळी पाय उचलताना बूस्टरमधील उरलासुरला निर्वात खर्च होतो, आणि साठा दोन-तीन वेळांपुरताच असतो. अशा वेळी पाय न उचलता, लागल्यास दोन्ही पायांनी, सर्व बळ लावून एकसारखे दाबावे, गिअर क्रमाने खाली आणावे आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा.

चार्जिंगचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर पंप अल्टरनेटरवर असलेल्या गाडीत तो ब्रेकचाही इशारा समजावा. गाडी सावकाश कडेला घ्यावी आणि पट्टा पाहावा. बहुतेक वेळा त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो, तेव्हा पुढे गेल्यास इंजिनही तापेल.

आणखी एका सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. यवतहून भुलेश्वरला जाणारा घाट उतरताना, किंवा सासवडकडून पुण्याकडे येताना दिवे घाटात, डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक मी पाहिले आहेत. इंजिन थांबले की पंप थांबला. पहिली दोन वळणे ब्रेक साथ देईल, तिसऱ्या वळणावर तो देईलच असे नाही. शिवाय गिअरची अडवणूकही नाहीशी झालेली असते. यात्रेकरूंनी भरलेल्या गाडीत वाचविलेले ते वाटीभर डिझेल कोणाच्या जिवाची भरपाई करू शकणार आहे?

थोडे देखभालीविषयी

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून साधारणपणे दोन वर्षांनी ते बदलावे. गाडीला सांगितलेल्या प्रतीचेच, बंद डब्यातील ऑइल वापरावे. त्यात इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये. त्याने सर्व रबरी वॉशर सुजतात आणि संपूर्ण व्यवस्था नव्याने करावी लागते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलणे ही ब्रेकचीही सेवा आहे, कारण व्हॅक्यूम पंपाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. बूस्टर भंगारातून आणण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा पडदा किती जुना आहे हे बाहेरून दिसत नाही. बदललेल्या बूस्टरच्या दांड्याची लांबी चुकली, तर ब्रेक सुटत नाही आणि चाके तापतात, हेही कारागिरांनी ध्यानात ठेवावे.

आठ वर्षांहून जुन्या परिवहन वाहनांना दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. सदोष गाडी जाणूनबुजून रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये गुन्हा आहे. परंतु तपासणीचा तो एक दिवस सोडून वर्षाचे उरलेले ३६४ दिवस गाडी आपल्याच हाती असते. त्या दिवसांची तपासणी आपणच करावयाची आहे.

कारागीर बंधूंना एवढीच विनंती, की प्रत्येक गाडीची तक्रार, केलेल्या चाचण्या आणि सापडलेले कारण एका वहीत टिपून ठेवा. वर्षभरात ती वही आपल्या भागातील गाड्यांविषयीचा उत्तम ग्रंथ होईल आणि हाताखाली शिकणाऱ्या मुलांना ती देता येईल. चालक आणि मालक बंधूंना सांगणे असे, की उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग ते दाबून धरा आणि किल्ली फिरवा. पेडल पायाखाली थोडेसे खाली गेले, तर निश्चिंत मनाने निघा. जागचे हलले नाही, तर त्या दिवशी गाडी घरीच राहू द्या.

 बाहेर माझी गाडी उभी आहे. ज्यांना चाचण्या प्रत्यक्ष पाहावयाच्या असतील, त्यांनी माझ्याबरोबर यावे.